दित्याचा रेडिओ आणि खुंटावरचा दोरा

मी मूळचा म्हसावदचा, सुताराच्या घरचा, हे आधी लिहा. नाव सुकदेव, पण गावात कुणी सुकदेव म्हटलं नाही, सगळे सुका म्हणायचे, पुढे सुका मिस्तरी झालं, आणि आता तळोद्यापासून धडगावपर्यंत लोक रेडिओवाला मिस्तरी म्हणतात. त्या नावासाठीच तुम्ही आलात, मला ठाऊक आहे. कुणीतरी तुम्हाला सांगितलं असणार की अक्राणीच्या डोंगरात पहिला रेडिओ या म्हाताऱ्याने बोलता केला, जा आणि त्याच्याकडून ऐका. तर ऐका. पण मी सांगेन ते सगळं लिहायचं, माझ्या वयाकडे बघून मधलं काही गाळायचं नाही, एवढं कबूल करा.

वडील बैलगाड्या करायचे. तापीकाठच्या गुजर शेतकऱ्यांच्या गाड्या आमच्या अंगणात तयार व्हायच्या, कापूस वाहायच्या वेगळ्या, केळी वाहायच्या वेगळ्या. गाडी तयार झाली की मालक सहकुटुंब यायचा, हळदकुंकू, नारळ, आणि नाडा, तो लाल-पिवळा पूजेचा दोरा असतो ना, तो गाडीला बांधायचा. त्यात वडिलांची एक रीत होती. बाई नाडा घेऊन पुढे आली की ते आदराने तिचा हात जुवाकडे न्यायचे, म्हणायचे, इथे बांधा माय, इथे काही घासत नाही. चाकाच्या आसाला त्यांनी कधी कुणाला नाडा बांधू दिला नाही. मला म्हणायचे, पोऱ्या, नाडा देवाचा शे, पण गाडी चालाले पाहिजे. मी हे लहानपणापासून पाहिलेलं, ऐकलेलं, आणि तरी मी काय केलं ते आता तुम्हाला कळेलच. म्हणूनच हे आधी सांगितलं.

वडील गेल्यावर गाड्यांची कामं कमी झाली, मी तळोद्याला आलो. तिथे एका मारवाडी शेठचं कापडाचं दुकान होतं. शेठचं नाव मी सांगत नाही, त्यांची नातवंडं आज चांगली नांदताहेत. त्यांनी मला फळ्या ठोकायला ठेवलं, आणि माझा हात बघून पुढे कायमचं ठेवून घेतलं. शेठला नव्या वस्तूंचा नाद होता. एकदा सुरतेला गेले आणि येताना दोन गोष्टी घेऊन आले, एक म्हणजे खोकंभर रेडिओचे सुटे भाग, आणि दुसरा दित्या.

दित्या पावरा, म्हणजे डोंगरातला आदिवासी. धडगावच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. पायथ्याच्या आश्रमशाळेत थोडा शिकला, मग घरच्यांबरोबर ऊसतोडीला सुरतेकडे उतरला आणि परत वर गेलाच नाही, एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारता मारता काम शिकून बसला. गरीब बिचारा वगैरे अजिबात समजू नका हं त्याला. भारी टेचात असायचा. केसाला तेल, खिशाला कंगवा, आणि स्वतःच्या कामाची फुशारकी मारायची खोड. मी रेडिओसाठी सागाची पेटी घासत बसलो की शेजारी डाख द्यायची, म्हणजे शिसं वितळवून तारा सांधायची, तापलेली कांडी घेऊन बसायचा आणि म्हणायचा, सुका, तू पेटी करस, मी तिन्हामा भूत घालस. मी म्हणायचो, भूत पळून गेलं तर? तर म्हणायचा, मन्हं भूत शे, पळनं तरी गाणं म्हणत पळी. असा होता. घरी तो पावरी बोलायचा, मी अहिराणी, त्यामुळे आमची आपसातली भाषा अहिराणीच, आणि शेठसमोर दोघेही अदबीने मराठी बोलायचो.

रेडिओ तयार झाला. त्या खोक्यातल्या भागांपासून, पहिल्या तारेपासून शेवटच्या डाखापर्यंत, दित्याने एकट्याने केला, माझी फक्त वरची पेटी. हे लिहा. दुकानात लावला तेव्हा सगळी बाजारपेठ गोळा झाली होती.

आता खरं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. अक्राणीत तेव्हा वीज नव्हती, रेडिओ नव्हता, नीट रस्ताही नव्हता, घाटातून ट्रक जायचे ते देवाचं नाव घेत. तिथल्या मामलेदार साहेबांनी शेठना निरोप धाडला की बॅटरीवर चालणारा असा रेडिओ धडगावच्या चावडीत लावून दाखवा. तो टिकला तर डोंगरातल्या मोठ्या गावांना एकेक देऊ, आणि त्यांची देखभाल करायला एक माणूस कायमचा नेमू. साहेबांचं म्हणणं, वरचाच माणूस असला तर उत्तम, त्याला बोली येते, वाटा ठाऊक असतात. तसा माणूस म्हणजे दित्याच. दुसरा कोण होता? पण साहेब म्हणाले, आधी बाजाराच्या दिवशी सगळ्यांसमोर दुपारच्या बातम्या लावून दाखव, मग नेमणुकीचं बोलू. दित्याचं काय झालं असेल ते ऐकून, तुम्हीच विचार करा. ज्या डोंगरातून पोट भरायला उतरावं लागलं तिथेच परत जायचं, आणि हातात कोयता नाही, हे काम घेऊन जायचं. त्याने वर निरोप धाडला, बाला, म्हणजे बापाला, म्हणावं बाजाराला ये, पुढेच बस.

निघायच्या दिवशी सकाळी दुकानासमोर पूजा झाली. त्याआधी एकदा शेठचा मालाचा ट्रक चांदसैलीच्या घाटात कलंडला होता, तेव्हापासून शेठच्या आई, त्यांना सगळे मांजी म्हणायचे, पूजा केल्याशिवाय काही वर जाऊ द्यायच्या नाहीत. फार मायाळू बाई. मला जेवायला बसवून स्वतः तूप वाढायच्या. त्यांनी पेटीला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, आणि तुपात-कुंकवात भिजवलेला नाडा हातात घेऊन मला विचारलं, बेटा, ईं रो जीव कठे है? म्हणजे याचा जीव कुठे आहे. दित्या तेव्हा ट्रकवर चढून एरियलचा बांबू बांधत होता, त्याचं इकडे लक्ष नव्हतं. मोटारला असते तशी भलीमोठी बॅटरी पेटीशेजारी ठेवलेली होती, आणि तिच्यावर ते शिशाचे दोन खुंट, ज्यांना तारांच्या पट्ट्या आवळायच्या. मी मोठ्या शहाण्यासारखा त्यातल्या एका खुंटावर बोट ठेवलं आणि म्हटलं, मांजी, इथे. सगळा जीव इथून येतो.

त्यांनी त्या खुंटाला नाडा गुंडाळला. एक वेढा नाही, लहान मुलाच्या मनगटाला बांधावा तसा चांगला जाड, वरपासून खालपर्यंत. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की हा कुणी काढायचा नाही, तोडायचा नाही, आपोआप गळून पडेल तेव्हा पडेल. शेठनी हात जोडले. मीही जोडले.

घाटात बॅटरी मी मांडीवर घेऊन बसलो होतो, आतलं तेजाब हिंदकळू नये म्हणून. पूर्ण वाटभर तो लाल खुंट माझ्या डोळ्यांसमोर होता. काय सांगू तुम्हाला, मला तो छान वाटत होता. पुढच्या बाजूला शेठ ड्रायव्हरशेजारी बसून प्रत्येक वळणाला काहीतरी पुटपुटत होते, आणि दित्या मागे उभा राहून, दरीकडे बघत, पावरीत मोठमोठ्याने गात होता.

धडगावला पोचलो तर बाजार भरलेला, आणि चावडीसमोर हीऽ माणसं. मीठ-तेल घ्यायला आलेली मंडळी तशीच येऊन बसलेली, बाया चांदीचे दागिने घालून, टोपल्या मांडीशी घेऊन. सगळ्यांत पुढे दित्याचा बाप, वाळलेल्या सागासारखा माणूस, डोक्याला नवं पागोटं. दित्याने त्याला मला दाखवलं आणि पावरीत काहीतरी म्हणाला, म्हातारा हसला आणि माझ्या हाताला हात लावला. मामलेदार साहेब खुर्चीवर. त्यांना बातम्या ऐकून लगेच पुढच्या मुक्कामाला निघायचं होतं, घोडा तयार होता.

दित्या कौलांवर चढला एरियल बांधायला, आणि वरून ओरडला, सुका, बॅटरी जोडी दे. मी जोडली. मीच जोडली, दुसऱ्या कुणी नाही. नाडा खुंटावर होता, पट्टी त्याच्यावरून बसवावी लागत होती, जरा जड गेली, मी पान्याने आवळली, हलवून पाहिली, घट्ट होती. मनात एवढंच आलं की दोऱ्याने काय होतंय, पट्टी खुंटाला धरेल. आता तुम्ही म्हणाल, दुकानात इतके दिवस दित्याशेजारी बसलेल्या माणसाला एवढं कळू नये? कळत होतं हो. पण तो दोरा माझ्या डोळ्यांना दोरा दिसतच नव्हता, तो मांजींचा नाडा होता. तुपाने माखलेल्या सुताच्या जाड थरातून वीज जात नाही हे मला माहीत होतं, आणि नाड्यातून जाणार नाही हे मात्र डोक्यात आलं नाही. असं होतं माणसाचं.

दित्या खाली आला, कंगवा काढून केस सारखे केले, त्यावर लोक हसले, आणि त्याने बटण फिरवलं.

काही नाही. आवाज नाही ते ठीक, व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापायला वेळ लागतो, पण काट्यामागचा छोटा दिवासुद्धा लागला नाही. दित्याने बटण बंद केलं, पुन्हा फिरवलं. अंधार. तोवर तो हसतच होता. लोकांना हसत म्हणाला, झोपलाय, उठवतो. गर्दीतला एक तेलाचा व्यापारी म्हणाला, घाटमा चक्कर उनी त्याले, मव्हानी दारू पाजा दोन घोट. सगळे हसले, दित्याचा बापही हसला, त्याला अहिराणी किती कळली कोण जाणे, पण बाकीचे हसले म्हणून हसला.

दित्याची काम करायची पद्धत होती. बिघाड शोधताना तो मूळ बाजूने न जाता शेवटाकडून मागे मागे यायचा. दिवा लागत नाही, म्हणजे आत वीज येत नाही, म्हणजे आवाजाची कुठलीच भानगड तपासायची गरज नाही. आधी बटण पाहिलं. मग फ्यूजची तार पाहिली, शाबूत. मग खिशातून त्याचा तो टॉर्चचा बल्ब काढला, त्याला दोन बारक्या तारा डाखलेल्या असायच्या, आणि बॅटरीकडून येणाऱ्या तारांची टोकं जिथे पेटीत शिरतात तिथे लावला. बल्ब लागला नाही. मी पाहिलं. म्हणजे दोष पेटीत नव्हता, अलीकडे होता. तारेत नाहीतर बॅटरीत. मग तो बॅटरीपाशी आला आणि उकिडवा बसला. वाकून बघत राहिला. हात लावला नाही. गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बघत राहिला, जरा जास्तच वेळ, मग मान वर करून शेठकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

म्हणाला, सुका, पट्ट्या नीट बठन्यात का रे?

मी म्हटलं, घट्ट शे.

तो उठला आणि पुन्हा पेटीकडे गेला. मागच्या फळीचे स्क्रू काढायला लागला. मला वाटलं, माझ्यावर विश्वास ठेवला. आणि खरं सांगतो, तोवर मी खोटं बोललो नव्हतो. पण तो उठल्यावर मी खाली पाहिलं, नुसतं पाहिलं, आणि पट्टीच्या कडेतून बाहेर आलेला तो लाल दोरा मला दिसला. पहिल्यांदा दोरा म्हणून दिसला. वडिलांचा हात आठवला, बाईचा हात आसावरून जुवाकडे नेणारा.

तेव्हाच बोलायचं होतं. पण शेठ दोन हातांच्या अंतरावर उभे. बोललो तर काय, तुमच्या आईने बांधलेल्या नाड्याने रेडिओचा डबा बंद पडलाय, सगळ्या बाजारासमोर? आणि त्या नाड्याची जागा दाखवणारा मी, त्याच्यावरून पट्टी आवळणाराही मी. नाडा कोण काढणार, मीच. घाटातून परत त्याच ट्रकने जायचं होतं. मी स्वतःला म्हटलं, दित्या हुशार आहे, काहीतरी करील. काय करणार होता तो? पण मी असंच म्हटलं स्वतःला.

दित्याने फळी उघडली. व्हॉल्व्ह एकेक करून बाहेर काढले, सदऱ्याने पुसले, उन्हाकडे धरून पाहिले, परत बसवले. मला त्यातलं थोडं कळत होतं, मनात येत होतं, हा हे कशाला करतोय, बल्ब लागला नाही ना, मग आत काय बघतोय? गर्दीतला हशा हळूहळू थांबला. बायांनी टोपल्या उचलायला सुरुवात केली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. शेठ दित्याच्या कानाशी येऊन काहीतरी बोलले, दित्या फक्त मान हलवत होता. मग मान न वळवता, हात पेटीतच ठेवून, पुन्हा मला म्हणाला, सुका, एक डाव पट्टी सोडीसन पाह्य ना. तूच सोड.

मी म्हटलं, पाह्यनी. घट्ट शे.

हे मात्र खोटं होतं. घट्ट होती ते खरं, पाहिली हे खोटं.

त्याने हात पेटीतून काढले. त्याने माझ्याकडे पाहिलं ते अजून माझ्यासमोर आहे. रागावून नाही. वाट बघतो ना माणूस, नदीच्या पलीकडे कुणी उभा असला की तो पाण्यात पाय घालतोय का बघत, तसं. मी नजर खाली घातली, पान्याकडे.

साहेब खुर्चीवरून उठले. बातम्यांची वेळ टळली होती. ते चांगलंच बोलले, म्हणाले, असू द्या, यंत्र आहे, होतं असं. पण शेठना ते सहन झालं नाही. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, माझीच चूक झाली साहेब, जंगलातल्या माणसाच्या हातात हे काम द्यायला नको होतं.

दित्याचा बाप समोर बसलेला. मराठी त्याला येत नव्हती, पण अशा गोष्टींना भाषा लागत नाही. त्याने पागोटं सारखं केलं आणि उठून उभा राहिला.

दित्याने पेटीची मागची फळी लावली. सगळे स्क्रू पुन्हा आवळले, शेवटचासुद्धा. मग डाख द्यायची कांडी, पेचकस आणि तो तारांचा बल्ब माझ्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाला, आते तू कर. बापाला घेऊन बाजारातून वरच्या वाटेला लागला. रागाने जाणारा माणूस शेवटचा स्क्रू आवळून जात नाही, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.

साहेब घोड्यावर बसायच्या आधी शेठ त्यांना चहाला घेऊन गेले, लोक पांगले. मी पट्टी सोडली. नाडा तोडावाही लागला नाही हो. तुपाने निसरडा झालेला, बोटाने वर सरकवला तर खुंटाच्या टोकाला टोपीसारखा जाऊन बसला. मांजींचा नाडा आहे तसा, न तुटलेला. खाली उघडं शिसं दिसलं, चाकूने जरासं खरवडलं, पट्टी आवळली, बटण फिरवलं. काट्यामागे पिवळा दिवा लागला. व्हॉल्व्ह लाल व्हायला लागले. मग घरघर, आणि मग माणसाचा आवाज. पूर्ण बाजार उलटा पळत आला. शेठ पळत आले, साहेब मागोमाग. शेठनी मला मिठी मारली. साहेब म्हणाले, कुणी चालू केला, तर शेठ म्हणाले, आमच्या सुकाने. साहेबांनी मला विचारलं, काय बिघडलं होतं? सगळे माझ्याकडे बघत होते. वरच्या वाटेवर दोन माणसं जाताना अजून दिसत होती, एकाचं पागोटं पांढरं.

मी म्हटलं, आत एक जोड सुटा होता साहेब.

झालं. एवढंच वाक्य. ते काम मला मिळालं. दित्याचं काम, दित्याच्या डोंगरात, मला. त्याचाच बल्ब खिशात ठेवून मी आयुष्यभर त्या घाटातून वर-खाली केलं, पोरं शिकवली, तळोद्यात घर बांधलं, भिंतीवरचा तो सत्काराचा फोटो पाहताय ना तो त्याच कामाचा. काम मी चांगलं केलं, तेही खोटं सांगणार नाही. पाड्यांवर लोकांनी मला भाकरी दिली, माया केली. पण कुठल्याही गावात बंद पडलेला डबा उघडायच्या आधी मी बॅटरीच्या पट्ट्या सोडून पाहिल्या. प्रत्येक वेळी. माणसं म्हणायची, मिस्तरी फार बारकाईने करतो.

पुढे काही वर्षांनी, साठ सालानंतरची गोष्ट, दित्याच्या पाड्याजवळच्या गावाला रेडिओ दिला होता, तो बिघडला म्हणून गेलो. जाणं टाळत आलो होतो, तेव्हा टळलं नाही. काम संपवून त्याच्या घरी गेलो. ज्वारीचं शेत काढत होता. मला पाहिलं, विळा ठेवला, म्हणाला, ये सुका, बस. बायकोला भाकरी टाकायला सांगितली. मी बसलो आणि बसल्या बसल्या सगळं ओकलो, नाडा, पट्टी, माझं खोटं, एका दमात. तो ऐकत होता, पायातला काटा काढत. मग म्हणाला, दोरा माले दिसना व्हता, सुका.

म्हणजे त्याला तेव्हाच दिसला होता. मी म्हटलं, दिसला होता तर काढला का नाहीस? तो म्हणाला, मी काढला असता तर डबा बोलला असता, खरं आहे. पण लोकांनी काय ऐकलं असतं? शेठच्या आईचा पूजेचा दोरा पावऱ्याने उपटला. ट्रक परत जाताना घाटात जरा घसरला असता तरी माझ्या नावावर गेलं असतं. तुझं तसं नव्हतं. तू त्यांच्या घरात जेवणारा. तू सरकवला असतास तर कुणी बघितलंही नसतं. म्हणून तुला विचारत होतो.

मी म्हटलं, मग पेटी का उघडलीस? आत तर काही नव्हतं.

तुले येळ देत व्हतो, म्हणाला.

काय सांगू तुम्हाला. चांगला चालणारा स्वतःचा डबा तो माझ्यासाठी उघडून बसला होता, बापासमोर, साहेबासमोर, नापास झाल्यासारखा, मी पाण्यात पाय घालावा म्हणून. आणि मी म्हटलं घट्ट शे.

भाकरी आली. मी ती बाजूला सारली. तो म्हणाला, खाय, भाकरीवर काय राग. मग बोलता बोलता सांगितलं, त्या दिवशी वरच्या वळणावर गेल्यावर खालून आवाज आला, रेडिओ बोलायला लागल्याचा. बा थांबला. विचारलं, आता बोलतोय, कोणी केलं? दित्या त्याला म्हणाला, सुताराने केलं. बा चालायला लागला. मी त्याच्या बाचं विचारलं. त्याने हात नुसता आकाशाकडे केला. म्हणजे म्हातारा तेच मनात घेऊन गेला, की पोराला आलं नाही आणि सुताराला आलं.

मी म्हटलं, मी बाजारात उभा राहून सगळ्यांना सांगतो दित्या, साहेबांना सांगतो, हे काम तुझं आहे. तो हसला, तसाच, जुन्या टेचात, म्हणाला, आते कोनले सांगस? मन्हा बाले? मग म्हणाला, पण सांगायचं तर सांग. मी म्हटलं, सांगतो. शब्द दिला.

नाही सांगितलं. साहेब बदलून गेले होते, तेव्हा म्हटलं नव्या साहेबांना काय कळणार. शेठ होते तोवर म्हटलं शेठ दुखावतील, मांजी होत्या तोवर मांजी. मग पोरीचं लग्न, मग पोराची नोकरी. कारण कधी कमी पडलं नाही. दित्या गेला तेव्हा मी त्याच्या पाड्यावर गेलो होतो, पण लाकडं टाकून परत आलो, तोंड उघडलं नाही.

आता शेठ नाहीत, मांजी नाहीत, दित्या नाही. घाटातून आता जीपा धावतात, पोरांच्या खिशात फोन असतात, रेडिओ कुणी लावत नाही. कुणाचं काही बिघडणार नाही, कुणाला काही मिळणारही नाही. दित्याची मुलगी त्याच पाड्यावर असते, तिला नातवंडं आहेत. छापून आलं की तिला नेऊन वाचून दाखवा, एवढी माझी विनंती आहे. माझं नाव घेऊन सांगा, की अक्राणीतला पहिला रेडिओ तिच्या बापाने केला, आणि तो पहिल्या बटणालाच बोलणार होता. देव तिचं भलं करो. माझ्यासाठी मी काही मागत नाही, आता काय राहिलंय मागण्यासारखं.

आणि एक, ते समोर ठेवलंय ना तुमचं आवाज धरायचं यंत्र, ते चालू आहे ना? नुसतं हो म्हणू नका. हातात घ्या आणि बघा. नसेल धरलं तर सांगा मला, आत्ताच सांगा, मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो.